तलाव कोणता, ते आधी सांगा
ओढगळाच्या मार्गदर्शनपर लेखनाची एक तपासणी

होडी संथपणे चालते आहे. तिच्या मागे लांब दोर सोडलेला आहे आणि दोराच्या टोकाला नकली मासा बांधलेला गळ पाण्यातून ओढला जातो आहे. मासेमारीच्या या पद्धतीला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. मराठीत हा शब्द बऱ्याच वेळा ट्रॉलिंगशी, म्हणजे समुद्रात यांत्रिक बोटीने पिशवीसारखे मोठे जाळे ओढण्याशी, गल्लत करून वापरला जातो. दोन्हींत काहीतरी ओढले जाते, एवढेच साम्य आहे. एकात जाळे वाटेत येईल ते गोळा करते. दुसऱ्यात माशाने स्वतः पाठलाग करून गळ तोंडात घ्यावा लागतो. गल्लत टळावी म्हणून या लेखापुरता आपण दुसऱ्या पद्धतीला 'ओढगळ' म्हणू.

गोड्या पाण्याच्या तलावात ओढगळासाठी साधने कशी निवडावीत व कशी जोडावीत, यावर पुष्कळ लेखन उपलब्ध आहे. हस्तपुस्तिका आहेत, साधने विकणाऱ्यांची सूचिपत्रे आहेत, छंदिष्टांचे लेख आहेत. विज्ञानाच्या शिक्षकाने या लेखनाकडे का पाहावे? कारण त्यात घनता, प्लावक बल, रोध, उष्णतेचे थर, प्रकाशाचे शोषण, माशांच्या सवयी असे आठवी ते बारावीच्या अभ्यासक्रमातले कितीतरी विषय एका दोरावर बांधलेले असतात. आणि त्याच कारणाने त्यातला दोषही आपल्या उपयोगाचा आहे. हे लेखन नियम देते, पण ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे सांगत नाही.

या लेखनाची परीक्षा एका ठरावीक ठिकाणी उभे राहून केलेली बरी. नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यातील इस्लापूर घेऊ. जवळच पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा आहे. याच नदीने वरच्या अंगाला गेले, की यवतमाळ व हिंगोली जिल्ह्यांच्या सीमेवर इसापूर धरणाचा मोठा जलाशय लागतो. (इस्लापूर आणि इसापूर ही नावे सारखी भासली तरी गावे वेगळी आहेत.) इस्लापूरच्या शाळेतील अकरावीच्या विद्यार्थ्याच्या हाती अशी एखादी पुस्तिका पडली, तर तिच्यातले किती त्याच्या पाण्याला लागू पडेल?

आधी गुण सांगू

या लेखनाला निव्वळ नावे ठेवणे अन्यायाचे होईल. त्यात हाताने केलेल्या कामाचे पक्के ज्ञान असते. गरगर फिरणारे आमिष थेट दोराला बांधले तर दोराला पीळ पडतो, म्हणून मध्ये फिरती कडी घालावी. ओला तंगूस कोरड्यापेक्षा थोडा कमजोर असतो. गाठीपाशी दोर सर्वांत आधी तुटतो, म्हणून गाठ ओली करून सावकाश आवळावी. या सूचना बरोबर आहेत, आणि कुठल्याही तलावावर बरोबरच राहतात. कारण त्या दोराबद्दल आहेत, तलावाबद्दल नाहीत.

अडचण सुरू होते ती आमिष किती खोल जाईल, कोणत्या थरात न्यावे आणि कोणत्या माशासाठी न्यावे, हे सांगताना. येथे लेखक एकाएकी कोष्टकाचा आधार घेतो. इतक्या फुटांसाठी इतके शिसे. इतक्या पौंडांच्या माशासाठी इतक्या पौंडांचा दोर.

पहिला आक्षेप : वेगाशिवाय वजन

दोराच्या टोकाला शिसे आणि आमिष आहे. शिसे खाली ओढते आणि पाण्याचा रोध मागे ओढतो. दोर या दोहोंच्या मधल्या दिशेने ताणला जातो. दोराने उभ्या रेषेशी केलेल्या कोनाचा टॅन्जन्ट म्हणजे रोध भागिले पाण्यातले वजन. एवढे समजले की कोष्टकाची फारशी गरज राहत नाही.

एक उदाहरण सोडवून पाहू. २०० ग्रॅम शिसे आहे. शिशाची घनता पाण्याच्या सुमारे ११.३ पट, म्हणून पाण्यात त्याचे वजन सुमारे १८ ग्रॅमने घटून १८२ ग्रॅम भरेल. समजा, एका ठरावीक मंद वेगाला शिसे व आमिष मिळून होणारा रोध ६० ग्रॅम वजनाइतका आहे. मग कोन सुमारे १८ अंश येतो, आणि १० मीटर दोर सोडला तर शिसे ९.५ मीटर खोल राहते. आता होडीचा वेग दुप्पट करा. रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तो २४० ग्रॅम होईल. कोन ५३ अंशांवर जाईल आणि खोली ६ मीटर उरेल. वेग तिप्पट केला तर खोली जेमतेम ३.२ मीटर. शिसे तेच, दोर तोच. फक्त वल्ही जोरात मारली.

याचा अर्थ 'इतक्या खोलीला इतके शिसे' हे विधान वेगाशिवाय अपुरे आहे. चांगल्या पुस्तिका वेग सांगतात, हे खरे. पण तो होडीचा किनाऱ्याच्या संदर्भातला वेग असतो. गळाला समजतो तो पाण्याच्या संदर्भातला वेग. वारा सुटला की जलाशयाचा वरचा थर वाऱ्याच्या दिशेने सरकतो. वाऱ्याबरोबर जाताना आणि वाऱ्याविरुद्ध येताना होडीतील जीपीएस यंत्राने एकच आकडा दाखवला, तरी गळाच्या दृष्टीने ते दोन वेगळे वेग असतात. सापेक्ष वेगाचे याहून सोपे उदाहरण वर्गात मिळणे कठीण.

दुसरी गंमत पाहा. काही नकली माशांच्या तोंडापुढे तिरकी पट्टी असते. होडी चालू लागली की पाणी त्या पट्टीवर आदळते आणि आमिष आपोआप खाली जाते. येथे खाली दाबणारे बलही वेगाच्या वर्गाने वाढते आणि रोधही त्याच प्रमाणात वाढतो. गुणोत्तर जवळजवळ तेच राहते, म्हणून वेग बराच बदलला तरी खोली फारशी बदलत नाही. अगदी मंद वेगाला मात्र आमिषाचा हलकेपणा वरचढ ठरतो आणि ते वर तरंगते. म्हणजे वेग वाढवला की शिसे वर येते, पण पट्टीचे आमिष वर येत नाही. अनेक पुस्तिका ही दोन्ही साधने 'खोलवर नेण्याची साधने' या एकाच मथळ्याखाली मांडतात. यादीत शेजारी बसली, म्हणून दोन साधनांचे काम एकाच तत्त्वावर चालते असे होत नाही.

दुसरा आक्षेप : दोराची जाडी लपवणारे पौंड

दोर 'इतक्या पौंडांचा' असे सांगण्याची रीत आहे. पौंड म्हणजे दोर तुटण्याआधी सोसू शकणारा ताण. माशाच्या बाजूने हा आकडा उपयोगी आहे. पाण्याच्या बाजूने मात्र महत्त्वाची असते ती जाडी.

०.४ मिलिमीटर जाडीचा ३० मीटर तंगूस घ्या. तो पाण्यासमोर उभा ताणून धरला तर त्याचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ १२० चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे जवळजवळ एक पोस्टकार्ड! आमिषाचे क्षेत्रफळ सहसा यापेक्षा खूपच कमी. म्हणजे लांब दोर सोडल्यावर पाण्याशी झगडत असतो तो मुख्यतः दोर. म्हणूनच दोर सरळ न राहता कमानीसारखा वाकतो, आणि काही मर्यादेनंतर आणखी दोर सोडला तरी आमिष फारसे खाली जात नाही, ते नुसते मागे पडते. वरचा हिशेब १० मीटरच्या आखूड दोरासाठी केला, तो याच कारणाने. तिथेसुद्धा दोराचा स्वतःचा रोध आपण सोडून दिला होता.

आता प्रमाण पाहा. एकाच पदार्थाच्या दोराचे बळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते आणि रोध जाडीच्या प्रमाणात. जाडी दुप्पट केली तर बळ चौपट मिळते, रोध दुप्पट होतो. पदार्थ बदलला की हिशेबही बदलतो. नायलॉनची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त (सुमारे १.१४), म्हणून तो हळूहळू बुडतो, आणि चांगला ताणला जातो. पॉलिएथिलीनच्या तंतूंचा विणलेला दोर पाण्याहून हलका (सुमारे ०.९७) असल्याने तरंगतो, फारसा ताणला जात नाही, आणि तेवढ्याच बळासाठी बराच बारीक पुरतो. तेव्हा एकाच 'पौंडां'चे दोन दोर पाण्यात अगदी वेगळे वागतील. पुस्तिकेने पौंडांबरोबर जाडी आणि पदार्थ सांगितला असता, तर विद्यार्थ्याला उरलेले स्वतः काढता आले असते.

तिसरा आक्षेप : उसना तलाव

हा आक्षेप सर्वांत मोठा आहे. बहुतेक पुस्तिकांच्या मनात एक विशिष्ट तलाव असतो. तो थंड प्रदेशातला, खोल आणि स्वच्छ पाण्याचा आहे. उन्हाळ्यात त्याचा वरचा थर ऊबदार होतो, खाली थंड पाणी राहते, आणि ट्राउट व सामनसारखे थंड पाण्याचे मासे त्या खालच्या थरांकडे जातात. म्हणून सल्ला दिला जातो, की उन्हाळ्यात गळ खोल न्या. उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांवर हा सल्ला योग्यच आहे. तो मराठवाड्यात आणताना मात्र त्याची कारणे बरोबर आणली पाहिजेत.

पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते, हे आपण शिकवतो. पण घनता पुढे कशी घटते, याकडे सहसा लक्ष वेधले जात नाही. ४ वरून ५ अंशांवर जाताना एक घनमीटर पाण्याच्या वस्तुमानात जेमतेम ८ ग्रॅमचा फरक पडतो. २९ वरून ३० अंशांवर जाताना तो सुमारे ३०० ग्रॅमचा असतो. म्हणजे ऊन पाण्यात एकेका अंशाचा फरक थर वेगळे ठेवायला कितीतरी पटींनी अधिक परिणामकारक ठरतो. आपल्याकडे वरच्या व खालच्या पाण्याच्या तापमानात थोडाच फरक असला, तरी थर एकमेकांत मिसळायला नाखूश राहू शकतात. वारा जोराचा असेल, पाणी उथळ असेल, तर ते मिसळतातही.

मग खालचा थर माशांना आवडेल काय? थंड प्रदेशात तो थंड असतो आणि थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. १० अंशांना लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅम. आपल्या जलाशयात तळाचे पाणीही कोमटच. त्यात बुडालेला पालापाचोळा आणि गाळ कुजत असेल आणि वरून हवा पोहोचत नसेल, तर तिथला प्राणवायू लवकर संपतो. अशा वेळी 'उन्हाळ्यात खोल जा' हा नियम पाळणारा गळ ओढेल तो माशांनी सोडून दिलेल्या पाण्यातून. शिवाय सिंचनासाठी पाणी सोडल्याने जलाशयाची पातळी उन्हाळ्यात उतरत जाते. दिवाळीत जिथे दहा मीटर पाणी होते, तिथे मे महिन्यात भेगाळलेली काळी माती असू शकते. पुस्तिकेतला तलाव वर्षभर एकाच आकाराचा असतो. आपला नसतो.

रंगाचेही तसेच. 'तांबडा रंग पाण्यात सर्वांत आधी नाहीसा होतो, म्हणून खोल पाण्यात निळे आमिष वापरा,' हे वाक्य स्वच्छ पाण्यापुरते खरे आहे. काळ्या मातीचा गाळ आणि कुजलेल्या वनस्पतींचे विरघळलेले अंश असलेल्या पाण्यात निळा प्रकाश आधी शोषला जातो आणि खोलवर पोहोचतो तो हिरवट-पिवळा ते तांबूस प्रकाश. म्हणजे नियम जवळपास उलटा होतो. आणि पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात मासे डोळ्यांपेक्षा अंगावरच्या पार्श्वरेषेने किंवा मिशांनीच भक्ष्य शोधत असतील, तर रंगाची चर्चाच गैरलागू ठरते.

चौथा आक्षेप : पाठलाग न करणारे मासे

ओढगळ पाठलाग करणाऱ्या माशांसाठी आहे, हे आपण आरंभी म्हटले. आपल्या जलाशयांत बीज सोडले जाते ते मुख्यतः कटला, रोहू आणि मृगळ यांचे. कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात वनस्पतिजन्य अन्न खातो, मृगळ तळाचा कुजका अंश खातो. पळणाऱ्या नकली माशामागे धावण्याचे यांपैकी कोणालाच कारण नाही. मांसाहारी मासेही आहेत, उदाहरणार्थ मरळ आणि शिवडा. पण मरळ हवेतूनही श्वास घेतो आणि काठच्या पाणवनस्पतींत दबा धरून बसतो. तिथे होडीमागे तीस मीटर दोर ओढला तर गळाला शेवाळच लागेल.

याची जाण दीडशे वर्षांपूर्वीच्या लेखकाला होती. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सुलिव्हन टॉमस यांनी १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिले. त्यात नदीतल्या महसीरला मानाचे स्थान आहे. पुढे १८८७ साली त्यांनी 'टँक अँगलिंग इन इंडिया' हे स्वतंत्र पुस्तक लिहिले. नदीचे शिकवलेले तलावाला तसेच्या तसे चालणार नाही, हे त्यांना पटले होते असे त्यावरून म्हणता येते. तो काळ साहेबी शिकारीचा होता आणि त्या दृष्टीच्या मर्यादा त्यांच्या लेखनात आहेतच. पण पाणी बदलले तर पुस्तक बदलावे, हा त्यांचा विवेक आजच्या अनेक सूचिपत्रांत आढळत नाही. सूचिपत्राला सर्व तलावांवर एकच पेटी विकायची असते.

पाचवा आक्षेप : पाणी कोणाचे?

शेवटचा आक्षेप भौतिकशास्त्राबाहेरचा आहे, पण विज्ञानशिक्षणाबाहेरचा नाही. पुस्तिकेतला तलाव मोकळा असतो. तेथे मासेमार आणि मासा यांशिवाय तिसरे कोणी नसते. आपल्या जलाशयांवर बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांचे हक्क असतात. भोई समाजातील व इतर मासेमार थर्माकोलच्या तराफ्यावरून संध्याकाळी उभी जाळी लावतात आणि पहाटे काढतात. अशा जाळ्यांच्या रांगेतून तीन-तीन आकड्यांचा गळ ओढत नेणे म्हणजे कोणाची तरी रोजी फाडणे. साधनांच्या निवडीत 'येथे हे साधन वापरूच नये' हाही एक पर्याय असतो, आणि तो कोष्टकात कधी दिसत नाही.

शिशाचेही असेच. तुटलेल्या दोराबरोबर शिसे तळाशी राहते. इंग्लंडमध्ये मूक हंस असे छोटे तुकडे खड्यांबरोबर गिळून विषबाधेने मरू लागले, तेव्हा १९८७ पासून तिथे बहुतेक लहान शिशांच्या विक्रीवर बंदी आली. आपल्या जलाशयांवर हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात. पोलाद किंवा दगड वापरला तर घनता कमी म्हणून आकार मोठा लागेल, आकार मोठा म्हणून रोध वाढेल. तेव्हा पर्यायाचीही किंमत असते. ती किती, हे वरच्या सूत्रानेच काढता येते. आणि मरळाची जोडी पिलांचा पुंजका राखत फिरते, तेव्हा जवळून जाणाऱ्या आमिषावर ती त्वेषाने झडप घालते. त्या वेळी ती पकडणे सोपे असते. पण राखणदार गेला की पिले इतर माशांच्या तोंडी पडतात.

वर्गात काय करता येईल

ओढगळ शिकवण्यासाठी होडीची गरज नाही, आणि विद्यार्थ्यांना जलाशयावर नेऊन तर हे करूच नये. टेबलपंख्यासमोर दोऱ्याला पिंगपाँगचा चेंडू टांगा आणि पंख्याचा वेग बदलून दोऱ्याचा कोन कोनमापकाने मोजा. मग त्याच चेंडूत सुईने थोडे पाणी भरून वजन वाढवा आणि पुन्हा मोजा. हवा आणि पाणी वेगळे असले तरी तत्त्व तेच आहे. वजन, वेग आणि कोन यांचे कोष्टक विद्यार्थ्यांनी स्वतः तयार करावे.

दुसरा प्रयोग शिक्षकांनी स्वतः कठडा असलेल्या विहिरीवर करावा. बाटलीला वजन बांधा, बुचाला वेगळी दोरी बांधा, बाटली हव्या त्या खोलीवर सोडून बूच ओढा. भरलेली बाटली चटकन वर घेऊन पाण्याचे तापमान मोजा. दर मीटरला एक नोंद घ्या. एप्रिलमध्ये आणि डिसेंबरमध्ये आलेख काढून शेजारी लावा. तिसरा प्रयोग गढूळपणाचा. सुमारे २० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर काळे-पांढरे चतुर्थांश रंगवून ते त्याच विहिरीत दोरीने सोडा आणि कोणत्या खोलीला दिसेनासे होते ते पाहा. इटालियन शास्त्रज्ञ सेक्की यांनी १८६५ साली वापरात आणलेली ही तबकडी आजही तलावांच्या अभ्यासात वापरतात.

मग ती पुस्तिका वर्गात आणावी आणि तिच्यातल्या प्रत्येक नियमापुढे विद्यार्थ्यांना एक प्रश्न लिहायला सांगावा. हे कोणत्या वेगाला? कोणत्या जाडीच्या दोराला? कोणत्या महिन्यात? किती गढूळ पाण्यात? कोणत्या माशासाठी? आणि कोणाच्या पाण्यात? ज्या नियमापुढे एकही प्रश्न उभा राहत नाही, तो खुशाल पाठ करावा. फिरत्या कडीचा नियम तसा आहे. बाकीच्या नियमांना उत्तरे द्यायची तर पुस्तिका पुरणार नाही, पैनगंगेच्या पाण्यालाच विचारावे लागेल. साधने निवडण्याची पुस्तिका अशा प्रश्नांनी सुरू झाली, तर ती दोन पानांनी लांबेल खरी, पण इस्लापूरच्या विद्यार्थ्याला ती वाचून काही करता येईल.